दीड हजार पौंडांचा हिशेब

दुपारची शाळा. आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर मी बसलोय. खिडकीतून सुवर्णदुर्गाचा तट दिसतो, वाऱ्याबरोबर सुकटीचा वास येतो. सर हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ वाचून दाखवताहेत. पाठ्यपुस्तकात नसलेली ही १९५२ सालची छोटी कादंबरी सर हौसेनं घेतात. दोन ओळी इंग्रजीत, मग मराठीत. टेबलावर पु. ल. देशपांड्यांचं ‘एका कोळियाने’ आहे, पण अडल्याशिवाय ते उघडायचं नाही.

“८४ दिवस झाले, म्हाताऱ्याला एकही मासा नाही,” सर सांगतात.

“सर, आपली बंदीपण ६१ दिवसांचीच!” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद होऊन बोटी किनाऱ्याला लागल्या की घरात काय होतं, हे इथं समजावावं लागत नाही. म्हणूनच ४० दिवस रिकामे गेल्यावर आईबाप म्हाताऱ्याबरोबर जाणाऱ्या पोराला, मनोलिनला, दुसऱ्या होडीवर धाडतात, तेव्हा कुणी हळहळत नाही. “बरोबरच केलं,” चारपाच जण म्हणतात. सरांना बहुधा निष्ठेवर बोलायचं होतं. ते पान उलटतात.

मासा लागतो. अठरा फुटी मार्लिन, होडीहून दोन फूट लांब. दोर हातातून सरकतो, तळवे फाटतात. या जखमांत ख्रिस्ताच्या खुणा शोधणारे समीक्षक पुष्कळ झाले. इथं एक मुलगा आपला तळवा उघडून दाखवतो. सुट्टीत काकांबरोबर गरवायला गेला होता, त्याचा वळ. मला हे भाष्य जास्त पटतं.

वर्गाला खरा रंग चढतो तो हिशेबावर. वजन दीड हजार पौंडांच्या वर, साफ केल्यावर उरणार दोन तृतीयांश, पौंडाला तीस सेंट. म्हाताऱ्याजवळ पेन्सिल नाही; इथं सगळ्यांकडे आहे. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर गणित उभं राहतं: १,००० पौंड, ३०० डॉलर.

“सर, किलोत सांगा!”

“साडेचारशेच्या आसपास.”

“आणि लिलावात भाव पडला तर?” एक मुलगी विचारते. संध्याकाळी बंदरावर लिलाव पुकारतात, तिथं तिची आई पाटी घेऊन उभी असते.

शार्क येतात. कुणीतरी आकडा पुसायला धावतो. “थांब, हप्त्याहप्त्यानं पूस,” सर म्हणतात. पहिलाच चाळीस पौंडांचा लचका तोडतो. पुढचे दोघं मिळून पाव मासा नेतात, तोही चांगल्यातला. शेवटी फळ्यावर शून्य.

“एवढ्या आत एकट्यानं जायचंच नाही,” पहिल्या बाकावरची ठणकावते.

“म्हातारा स्वतःही तेच म्हणतो,” सर हसतात.

“कळत होतं, तर गेला कशाला?”

“जवळ मासा राहिलाय कुठं?” मागून एक पोरगा ओरडतो, आणि मोठ्या जाळ्यांच्या पर्ससीन बोटींवरून दोघंतिघं एकदम भांडायला लागतात.