टायर बारीक म्हणून सायकल पळत नाही

हिंगोली, वसमत, कळमनुरीत पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहिलेल्या काळ्या सायकलीचं चाक 28 इंची. नव्या रोड बाइकच्या टायरवरही 28 दिसतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला आकडा चाकाच्या व्यासाचा, दुसरा टायरच्या रुंदीचा, तोही मिलिमीटरमध्ये. टायरच्या कडेला 28-622 असं लिहिलेलं असतं. त्यातला 622 म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास. जुन्या 28 इंची चाकाचा हाच व्यास 635 आहे. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

सर्वांत चिवट समज मात्र वेगाचा: टायर बारीक आणि हवा दगडासारखी टणक, की सायकल सुसाट. प्रत्यक्षात हवेचा दाब सारखा ठेवला तर रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग आखूड असतो. टायर कमी वाकतो, ताकद कमी वाया जाते. शिवाय त्यात हवा कमी ठेवता येते. खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर टणक टायर सायकल आणि सायकलस्वार दोघांनाही उडवत राहतो, आणि त्या प्रत्येक धक्क्यात वेग जातो. टूर द फ्रान्समध्ये एके काळी 23 मिमी टायर सर्रास असत. आता 28 किंवा त्याहून रुंद असतात. तिथल्या गुळगुळीत डांबरावर ही स्थिती, मग औंढा नागनाथच्या वाटेवर 23 चा हट्ट कशासाठी?

रुंद टायर कुठल्याही रिमवर चालतो, असंही नाही. मोजायची ती रिमची आतली रुंदी, बाहेरची नव्हे. अगदी अरुंद रिमवर रुंद टायर वळणावर डुलतो. उलट, फार रुंद रिमवर बारीक टायर ताणला जातो आणि दगडाचा मार थेट रिमला बसतो. फेब्रुवारी 2024 मध्ये यूएई टूर या शर्यतीत एका व्यावसायिक सायकलपटूचा टायर रिमवरून निघाला आणि तो पडला. टायर 28 मिमी, रिम आतून 25 मिमी, तीही टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली. अशा रिमला किमान 29 मिमी टायर हवा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

एकच टायर रुंद रिमवर जास्त फुगतो, हेही लक्षात ठेवावं. पावसाळ्यात इथली काळी चिकट माती टायर आणि चिमट्याच्या फटीत भरली की चाक जाम होतं, म्हणून तिथे ऐसपैस जागा हवीच.

रिमवर 622×19 (म्हणजे आतली रुंदी 19 मिमी) असं लिहिलेलं असेल आणि फ्रेममध्ये जागा असेल, तर हिंगोलीच्या रस्त्यांसाठी 28 ते 32 मिमी टायर घ्यावा. दुकानात जाण्याआधी रिमवरचा आकडा लिहून न्या.