दप्तर आणि मासिक: राजवाडे यांचे दुहेरी लेखन

संशोधन हाच ज्याचा मुख्य व्यवसाय, त्याने कोणत्याही पत्राच्या नोकरीत न शिरता नियतकालिकांतून चालू प्रश्नांवर मते मांडत राहावे, या प्रकाराला मुक्त पत्रकारिता हे नाव अलीकडे मिळाले असले, तरी 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निवर्तलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे काम आयुष्यभर करीत होते.

राजवाडे यांचा लौकिक ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या 22 खंडांवर उभा आहे. साधने म्हणजे जुन्या घराण्यांच्या दप्तरांतील, रुमालांत बांधून ठेवलेली अस्सल पत्रे व कागद; 1898 साली निघालेल्या पहिल्या खंडात 1750 ते 1761 या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. त्या खंडाच्या दीर्घ प्रस्तावनेत ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराच्या चुका दाखवताना त्यांनी जो सडेतोड, वेळी बोचरा सूर लावला, तो कागदपत्रांच्या संपादकापेक्षा अग्रलेखकाचाच अधिक वाटतो.

तो सूर मासिकांत मोकळा सुटला. ‘भाषांतर’ हे मासिक त्यांनी स्वतः चालवले आणि प्लेटोचा ग्रंथ त्यातून मराठीत आणला. ‘कादंबरी’ या 1902 च्या निबंधात इतिहासाची वेस ओलांडून समकालीन साहित्याची झडती घेतली. शिवाय, इंग्रजीवर प्रभुत्व असूनही लिहायचे ते मराठीतच, हा त्यांचा हट्ट असल्यामुळे पंडित आणि सामान्य वर्गणीदार यांच्यापुढे एकच मजकूर जाई. याची झळही बसली: भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचे लेखन ‘चित्रमयजगत’मध्ये येऊ लागताच सनातनी वाचक खवळले.

या दुहेरी लेखनाचा तोटाही नाकारता येत नाही. पत्राची मिती ताडून पाहता येते. पण समाजाच्या किंवा जातींच्या उत्पत्तीविषयी राजवाडे जेव्हा तेवढ्याच ठामपणे बोलतात, तेव्हा पुरावा कोठे संपला आणि अभिनिवेश कोठे सुरू झाला, हे वाचकालाच शोधावे लागते. (मासिकाच्या संपादकाला बहुधा हा ठामपणाच हवा असतो.)

जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला या वाटेचे वेगळे वळण दिसते. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेले साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढू लागले आणि पुढे 1938 मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिकाचे संपादक झाले. त्यांच्या बाबतीत पत्रकारितेने अभ्यासाला मागे टाकले.

राजवाडे यांचे तसे झाले नाही. अखेरच्या वर्षांतही ते मराठी धातू, म्हणजे क्रियापदांची मूळ रूपे, आणि शब्दांच्या व्युत्पत्ती गोळा करीत होते. त्यांच्या पश्चात धुळ्यात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्या सामग्रीतून धातुकोश सिद्ध केला आणि ‘संशोधक’ हे नियतकालिकही चालवले.