दोन याद्या एक करताना

समजा, जावास्क्रिप्टमध्ये दोन ॲरे आहेत. एकात प्रत्येक विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक आणि नाव, दुसऱ्यात हजेरी क्रमांक आणि गुण. एकत्र यादी हवी म्हटलं की 'कॉनकॅट वापर' नाहीतर 'तीन टिंबं दे' हा सल्ला हमखास मिळतो. त्याने ४० मुलांच्या ८० नोंदी होतात, एवढंच. मग कुणी त्या सेटमधून गाळायला सांगतं. तेही व्यर्थ. दोन ऑब्जेक्टमधला मजकूर तंतोतंत सारखा असला, तरी ते स्वतंत्रपणे तयार झालेले असतील तर सेट दोन्ही ठेवतो. क्रमांक सारखा म्हणजे मुलगा तोच, हे आपणच सांगायचं असतं.

लोडॅश लायब्ररीचं 'मर्ज' हे ओळखतं, हा समज जास्त महागात पडतो. ते ॲरेतल्या नोंदी जागेनुसार जुळवतं : पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी. गुणांची यादी उतरत्या क्रमाने आली असेल, तर नाव एकाचं आणि गुण भलत्याचेच. एरर मात्र येत नाही. शिवाय मूळ पहिला ॲरेही बदलून बसतो.

'ॲरेवर मॅप आणि आत फाइंड' हा प्रचलित उपाय चुकीचा नाही, पण अर्धा आहे. फक्त दुसऱ्या यादीत असलेली मुलं त्यात गळतात, आणि एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी असल्या तर फाइंड पहिलीवरच थांबतं. वेगाचं म्हणाल तर ४० मुलांना काही फरक पडत नाही. दोन्हीकडे १०,००० नोंदी असल्या, की तुलना काही कोटींवर जातात. तिथे २०१५ साली भाषेत आलेला मॅप कामाचा (वरची मॅप मेथड वेगळी, नावांचा हा गोंधळ भाषेचाच). क्रमांक ही की धरून एक यादी त्यात भरायची, दुसरी फिरवत त्यातून जोडीदार काढायचा. दोन फेऱ्यांत काम होतं.

हेच काम साध्या ऑब्जेक्टने भागतं असंही म्हणतात. बऱ्याचदा भागतं, पण ऑब्जेक्ट आकडी की चढत्या क्रमाने लावतो, त्यामुळे आपला क्रम मोडतो. मॅप भरल्या क्रमाने ठेवतो; पण त्याला ७ हा अंक आणि '७' हा मजकूर वेगळे वाटतात. सीएसव्हीतून आलेले क्रमांक बहुधा मजकूरच असतात, म्हणून आधी अंकात बदलून घ्यावेत.

जोडी जमली की स्प्रेडने, म्हणजे त्याच तीन टिंबांनी, दोन ऑब्जेक्ट एक करतात. नंतरचा जिंकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नंतरच्यात एखाद्या कीची किंमत अनडिफाइन्ड असली, तर तीही जिंकते आणि आधीची चांगली किंमत पुसली जाते. आणि स्प्रेड म्हणजे पूर्ण प्रत नव्हे : आत पत्त्याचा ऑब्जेक्ट असेल तर तो मूळ यादीशी सामाईकच राहतो, नव्या यादीत पिनकोड बदलला की जुन्यातही बदलतो.