एअर फ्रायर

एअर फ्रायर हे तापवलेली हवा अन्नाभोवती वेगाने खेळवून पदार्थ भाजणारे, शिजवणारे व कुरकुरीत करणारे घरगुती विद्युत उपकरण आहे. नावात ‘फ्रायर’ हा शब्द असला तरी यात पदार्थ तेलात बुडवला जात नाही. रचना आणि कार्य या दोन्ही दृष्टींनी हा पंखा बसवलेला एक लहान ओव्हन आहे. या उपकरणात कोणते पदार्थ चांगले होतात, कोणते बिघडतात आणि खरेदी करताना काय पाहावे, या प्रश्नांची उत्तरे याच गोष्टीत आहेत. कढईला पर्याय म्हणून पाहिल्यास एअर फ्रायर अनेकदा निराशा करतो. लहान भट्टी म्हणून पाहिल्यास तो स्वयंपाकघरातील बरीच कामे सोपी करतो.

कार्यपद्धती

एअर फ्रायरच्या वरच्या भागात विद्युत प्रवाहाने तापणारे तारेचे वेटोळे असते आणि त्याच्यावर पंखा असतो. पंख्यामुळे तापलेली हवा खाली ढकलली जाते, जाळीदार तळ असलेल्या टोपलीतील पदार्थाच्या सर्व बाजूंनी फिरते आणि पुन्हा वर जाऊन तापते. पदार्थातून निघणारी वाफ मागील बाजूच्या झरोक्यातून बाहेर पडते. आतील तापमान थर्मोस्टॅटने नियंत्रित होते. बहुतेक घरगुती उपकरणांत ते साधारण ८० ते २०० अंश सेल्सिअस या मर्यादेत ठरवता येते.

उष्णतेचे वहन, अभिसरण व प्रारण या तीन प्रकारांपैकी येथे मुख्य वाटा अभिसरणाचा असतो. स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. पदार्थाच्या पृष्ठभागालगत तुलनेने थंड व दमट हवेचा पातळ थर साचतो आणि उष्णता आत जाण्यास अडथळा करतो. पंख्याचा झोत हा थर सतत उडवून लावतो; त्यामुळे पृष्ठभाग लवकर कोरडा होतो. पृष्ठभागाचे तापमान सुमारे १४० अंशांच्या पुढे गेले की अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात रासायनिक क्रिया वेगाने घडून तांबूस रंग आणि खमंग वास निर्माण होतो. फ्रेंच वैज्ञानिक लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीवरील डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आणि पावाचे तांबूस कवच ही याच अभिक्रियेची उदाहरणे आहेत.

इतिहास

पंख्याने गरम हवा फिरवून अन्न तापवण्याची कल्पना एअर फ्रायरपेक्षा बरीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील विल्यम मॅक्सन यांनी विमानातील सैनिकांसाठी गोठवलेली जेवणे तयार केली आणि ती तापवण्यासाठी पंख्याचा लहान ओव्हन विकसित केला. पुढे अशा ओव्हनचा वापर बेकऱ्या व उपाहारगृहांमध्ये रूढ झाला.

घरगुती एअर फ्रायरचे श्रेय सामान्यतः नेदरलँड्समधील फ्रेड फान डेर वेई यांना दिले जाते. फिलिप्स कंपनीने हे उपकरण २०१० मध्ये बर्लिन येथील आयएफए या विद्युत उपकरणांच्या प्रदर्शनात सादर केले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी या प्रकारची उपकरणे बाजारात आणली आणि ‘एअर फ्रायर’ हे संपूर्ण प्रकाराचेच नाव झाले. भारतातही कंपन्यांनी त्याची जाहिरात प्रामुख्याने कमी तेलात समोसे व बटाट्याचे काप करणारे यंत्र अशी केली.

तळण्याशी तुलना

तळताना पदार्थ १६० ते १९० अंश तापमानाच्या तेलात असतो. त्याच तापमानाची हवा आणि तेल यांत तेल पदार्थाला कितीतरी पटींनी जलद उष्णता देते. या फरकाचे परिणाम महाराष्ट्रातील नेहमीच्या पदार्थांत स्पष्ट दिसतात.

पुरी तेलात सोडताच तिच्या दोन्ही बाजू झटकन आवळतात, आतील पाण्याची वाफ अडकते आणि पुरी फुगते. गरम हवेत हे काम सावकाश होते. वाफ कोंडली जाण्याआधीच पारी वाळते आणि पुरी बहुधा कडक पापडीसारखी होते. कांदाभजी व बटाटेवडा यांचे बेसनाचे सैल पीठ तेलात क्षणात घट्ट होते. एअर फ्रायरच्या जाळीवर ते घट्ट होण्यापूर्वीच खाली ओघळते. अशा पदार्थांसाठी तेल कमी वापरायचे असेल, तर आप्पेपात्र अधिक उपयोगी ठरते.

याउलट ज्यांचा आकार आधीच पक्का झालेला आहे, असे पदार्थ एअर फ्रायरमध्ये चांगले होतात. कोथिंबीरवडी आणि अळूवडी प्रथम उकडल्या जातात, त्यामुळे तळण्याचे काम केवळ बाहेरून कुरकुरीतपणा आणण्यापुरते उरते. ते काम गरम हवा नीट करते. कटलेट, रताळ्याचे व सुरणाचे काप, पनीर, मक्याची कणसे, भरलेली ढोबळी मिरची आणि भाजलेले शेंगदाणे हेही याच गटात येतात. करंजी व शंकरपाळे यांना वरून तूप किंवा तेल लावल्यास ते खुसखुशीत होतात. मात्र त्यांची चव तळणीच्या पदार्थापेक्षा नानकटाईसारख्या भाजलेल्या पदार्थाच्या जवळ जाते.

तेल उष्णता पोहोचवते, तसेच ते चव धरून ठेवते आणि पिठाला व रव्याला रंग आणते. म्हणूनच तेलाचा अंशही न लावलेला रवा एअर फ्रायरमध्ये पांढुरका व भुरभुरीत राहतो. एक ते दोन चमचे तेल पदार्थाला सर्वत्र चोळले तर निकालात मोठा फरक पडतो.

उपकरणाची निवड

आकारमान : एअर फ्रायरची धारकता लिटरमध्ये सांगितली जाते आणि बाजारात साधारण २ ते ८ लिटरची उपकरणे मिळतात. मात्र हवा सर्व बाजूंनी फिरण्यासाठी पदार्थ एका थरात ठेवावा लागतो. म्हणून लिटरपेक्षा टोपलीच्या तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते. उदाहरणार्थ, २० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद तळावर ४ सेंटिमीटरच्या चौकोनी वड्या १ सेंटिमीटर अंतर सोडून लावल्या, तर एका वेळी १६ वड्या बसतात. चार माणसांसाठी २४ वड्या करायच्या असल्यास दोन खेपा कराव्या लागतील. खोल पण अरुंद टोपलीमुळे लिटरचा आकडा वाढतो, पण एका खेपेत होणाऱ्या वड्यांची संख्या वाढत नाही.

प्रकार : खणासारखी ओढता येणारी टोपली असलेला प्रकार सर्वाधिक प्रचलित आहे. तो लवकर तापतो आणि पदार्थ हलवणे सोपे जाते. पुढे दार व आत जाळीचे कप्पे असलेला प्रकार आकाराने मोठा असतो. त्यात केक व पावही करता येतात, परंतु वरच्या व खालच्या कप्प्यांत पदार्थ सारखा भाजला जाईलच असे नाही. ज्या घरात पंख्याचा ओव्हन आधीपासून आहे, तिथे एअर फ्रायरमुळे नवीन प्रकारचा स्वयंपाक शक्य होत नाही. लहान आकारामुळे वेळ मात्र वाचतो.

विद्युत जोडणी : खरेदीपूर्वी हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. अनेक घरगुती एअर फ्रायर १,००० ते २,००० वॉट शक्तीचे असतात. भारतातील २३० व्होल्ट दाबावर १,५०० वॉटचे उपकरण सुमारे ६.५ अँपिअर विद्युत प्रवाह घेते. भिंतीवरील लहान सॉकेट ६ अँपिअरसाठी असते. त्यामुळे असे उपकरण १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटलाच जोडावे लागते. प्लगची जाड पिन लहान सॉकेटमध्ये बसवण्यासाठी जोडपिन वापरल्यास किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डावर उपकरण चालवल्यास तारा तापून आग लागण्याचा धोका असतो. जुन्या इमारतींमध्ये ओट्याजवळ एकच पॉवर सॉकेट असते आणि त्यावर फ्रिज किंवा मिक्सर आधीच असतो. अशा घरात उपकरण घेण्यापूर्वी वायरिंगची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

विजेचा खर्च : १,५०० वॉटचे उपकरण २० मिनिटे अखंड चालल्यास ०.५ युनिट वीज लागते. ठरवलेले तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट वेटोळे अधूनमधून बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्ष वापर याहून कमी होतो. लहान खेपेसाठी एअर फ्रायर मोठ्या ओव्हनपेक्षा कमी वीज घेतो. पण मोठ्या कुटुंबासाठी चार-पाच खेपा कराव्या लागल्यास हा फायदा बराचसा नाहीसा होतो.

स्वयंपाकातील वापर

पुढील वेळा व तापमाने सर्वसाधारण आहेत. उपकरण, पदार्थाची जाडी आणि खेपेतील प्रमाण यांनुसार त्यांत काही मिनिटांचा फरक पडतो.

कोथिंबीरवडी व अळूवडी (उकडलेली) : १८० अंश, १२ ते १५ मिनिटे
बटाट्याचे बोटाएवढे काप : १८० अंश, १८ ते २२ मिनिटे
शेंगदाणे : १६० अंश, ८ ते १० मिनिटे
बांगडा (अख्खा, चिरा दिलेला) : १९० अंश, १२ ते १५ मिनिटे
भरताचे वांगे : २०० अंश, २० ते २५ मिनिटे
करंजी : १६० अंश, १२ ते १५ मिनिटे

मधल्या वेळेत एकदा टोपली हलवावी किंवा पदार्थ उलटावा. ओव्हनसाठी लिहिलेली पाककृती वापरताना तापमान १० ते २० अंशांनी कमी ठेवावे आणि सांगितलेल्या वेळेच्या थोडे आधी पदार्थ तपासावा. ओले जिन्नस पुसून कोरडे करावेत. पृष्ठभागावरील पाणी आटेपर्यंत पदार्थाला रंग येत नाही. भरताच्या वांग्याला टोचे मारून तेल लावावे, अन्यथा आतील वाफेने ते फुटू शकते. वांग्याचे साल नीट सुटते, मात्र चुलीवरच्या किंवा निखाऱ्यावरच्या भाजण्याने येणारा धुराचा वास त्याला येत नाही.

माशांपैकी बांगड्यासारख्या तेलकट माशाला वरून फारसे तेल लागत नाही. सुरमई व पापलेट यांच्या रवा लावलेल्या तुकड्यांवर मात्र तेल शिंपडावे लागते. कोंबडीचे मांस बाहेरून लवकर तांबूस होते, म्हणून रंगावरून अंदाज न करता सर्वांत जाड भागाचे अंतर्गत तापमान ७४ अंशांपर्यंत पोहोचल्याची खात्री करावी.

पोहे, पापड, कढीपत्ता यांसारखे हलके जिन्नस पंख्याच्या झोताने उडून तापलेल्या वेटोळ्याला चिकटू शकतात. रिकाम्या टोपलीत कागद ठेवून उपकरण तापवण्यातही हाच धोका असतो. जाळीची सर्व छिद्रे कागदाने झाकली गेल्यास खालून हवा फिरत नाही आणि पदार्थ तळाशी ओलसर राहतो.

आरोग्यविषयक बाबी

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यामुळे तळणीऐवजी एअर फ्रायर वापरल्यास आहारातील ऊर्जा व तेल कमी होते. दुसरा लाभ उरलेल्या तेलाशी संबंधित आहे. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली असून त्यापुढील तेल वापरण्यास मनाई आहे. घरी हे प्रमाण मोजण्याची सोय नसते. एअर फ्रायरमध्ये तळणीचे तेल उरतच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

मात्र ‘तेलमुक्त’ हा दावा प्रत्येक वेळी खरा नसतो. बाजारात मिळणारे गोठवलेले बटाट्याचे काप सामान्यतः कारखान्यातच एकदा तेलात तळलेले असतात. घरी वरून तेल न घातले तरी त्यांत तेल असतेच. शिवाय मीठ, मैदा व साखर यांचे प्रमाण उपकरण बदलल्याने कमी होत नाही.

ॲक्रिलामाइड हे संयुग बटाटा व धान्ये यांसारखे पिष्टमय पदार्थ सुमारे १२० अंशांहून अधिक तापमानाला भाजताना किंवा तळताना तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याची नोंद ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली, तर अन्नातील त्याचे अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधनातून पुढे आले. एअर फ्रायरमध्येही ते तयार होते. बटाट्याचे काप १५ ते ३० मिनिटे पाण्यात भिजवून नीट पुसणे आणि ते गडद तपकिरी होऊ न देता सोनेरी रंगावर काढणे, या दोन उपायांनी त्याचे प्रमाण कमी राखता येते.

सुरक्षितता व निगा

उपकरणाच्या मागील झरोक्यातून गरम हवा व वाफ बाहेर पडते. म्हणून ते भिंतीपासून किमान १० ते १५ सेंटिमीटर दूर, उष्णता सहन करणाऱ्या सपाट पृष्ठभागावर ठेवावे. गॅसच्या शेगडीवर ते कधीही ठेवू नये. धूर येऊ लागल्यास प्रथम प्लग काढावा आणि धूर थांबेपर्यंत टोपली बाहेर ओढू नये. २०२३ मध्ये अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एका कंपनीचे सुमारे २० लाख एअर फ्रायर अंतर्गत तारेची जोडणी तापण्याच्या धोक्यामुळे परत मागवले जात असल्याचे जाहीर केले होते. भारतात घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस ३०२ ही मानकमालिका आहे.

टोपलीवर बहुधा न चिकटणारा लेप असतो. धातूचे चमचे व तारेची घासणी यांनी तो खरवडला जातो. दाबाच्या डब्यात मिळणाऱ्या काही तेलफवाऱ्यांमध्ये लेसिथिन असते. ते तापून लेपावर चिकट थर धरते. त्याऐवजी साध्या फवाऱ्याच्या बाटलीत तेल भरून किंवा ब्रशने लावावे. प्रत्येक वापरानंतर उपकरण थंड झाल्यावर टोपली कोमट पाण्यात भिजवून मऊ स्पंजने धुवावी. वेटोळ्यावर साचलेली चरबी पुढच्या वेळी जळून धूर करते. म्हणून प्लग काढून, उपकरण पूर्ण थंड झाल्यावर ते अधूनमधून ओलसर फडक्याने पुसावे. उपकरणाचा मुख्य भाग मात्र पाण्यात बुडवू नये.