चाळीची भाडेवही आणि बेसिकचा फेरा

फणसवाडीतील व्यंकटेश बालाजीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या चाळीत दरमहा भाडेवसुलीस येणारे घरमालकाचे मेहताजी काखेत जी लांबट वही बाळगीत, तिच्या पानांवर तांबड्या शाईने तीन रकाने आखलेले असत: खोली, नाव आणि भाडे. पहिल्या खोलीपासून चोविसाव्या खोलीपर्यंत त्यांचे बोट ओळीमागून ओळ उतरत जाई; रकान्यांच्या मथळ्यांवर मात्र ते कधी थबकले नाही, कारण मथळ्यांकडून वसूल करण्याजोगे काही नसते. पुढे शेजारच्या मुलांना क्यूबेसिक ही संगणकभाषा शिकविताना ही वही मला वारंवार आठवली, कारण 'टाइप' या आज्ञेविषयीचे नवशिक्यांचे बहुतेक गैरसमज रकाना आणि ओळ यांची गल्लत केल्यानेच उत्पन्न होतात.

'टाइप कूळ' असे लिहून त्याखाली खोली इंटिजर, नाव वीस अक्षरांची स्ट्रिंग आणि भाडे लाँग अशी फर्द मांडली व 'एंड टाइप'ने ती मिटविली, म्हणजे माहिती ठेवावयास जागा झाली, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः एवढ्याने पानाची केवळ आखणी होते. वही बांधली जाते ती 'डिम'च्या ओळीने, जिच्यात कुळे या ॲरेचा विस्तार '१ टू २४' असा सांगितलेला असतो. दोन, वीस आणि चार मिळून एका नोंदीस २६ बाइट, म्हणजे साऱ्या चाळीस ६२४. 'एक टू' गाळून नुसते २४ लिहिले, तर मोजणी शून्यापासून सुरू होऊन कोणीच राहत नसलेली एक पंचविसावी खोली पदरात पडते. भाडे मी पैशांत मांडतो, म्हणून लाँग. इंटिजरची मजल ३२,७६७ पैशांपर्यंतच, म्हणजे ३२७ रुपये ६७ पैसे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली आमची भाडी तेवढ्यातही सुखाने मावली असती, ही गोष्ट निराळी.

सर्वांत चिवट गैरसमज असा की, 'फॉर' आणि 'नेक्स्ट' यांचा फेरा जसा नोंदींवरून फिरतो, तसाच तो एका नोंदीतील घटकांवरूनही फिरविता येईल: आधी खोली, मग नाव, मग भाडे. तसे होत नाही. कुळे, कंसात आय, टिंब, नाव, अशी जी रचना आपण लिहितो तिच्यात फेऱ्यागणिक बदलतो तो कंसातला आय. टिंबानंतरचे नाव आपणच अक्षरशः लिहून द्यावयाचे असते, त्या जागी व्हेरिएबल चालत नाही. एका चतुर विद्यार्थ्याने बारा महिन्यांच्या बाकीसाठी बारा घटक कल्पून त्यांवर फेरा फिरविण्याचा हट्ट धरला होता, आणि तो साधेना तेव्हा टाइपच्या पोटातच ॲरे घालून पाहिला. क्यूबेसिकला तेही मंजूर नाही. ज्यावरून फिरावयाचे आहे ते रकान्यात न घालता, २४ ओळी आणि १२ स्तंभांचा बाकीचा स्वतंत्र ॲरे करावा, आणि एका फेऱ्याच्या आत दुसरा फेरा ठेवावा, हाच राजमार्ग.

टाइप ही सोय बेसिकमध्ये मुळापासून आहे, हाही एक भ्रम. डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कर्ट्झ यांनी १९६४ साली चालविलेल्या मूळ भाषेत ती नव्हती. १९८४ च्या 'क्लास' योजनेतून आपल्याकडील शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोवरील बेसिकमध्येही नव्हती. १९८७ सालच्या क्विकबेसिकच्या चौथ्या आवृत्तीत ती आली, आणि १९९१ मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीबरोबर मिळालेल्या क्यूबेसिकमुळे घरोघरी पोहोचली. त्यापूर्वी जीडब्ल्यू-बेसिकवर मी नावांचा एक ॲरे आणि भाड्यांचा दुसरा असा संसार चालवीत असे. एकदा नावे वर्णानुक्रमे लावली आणि भाड्यांची अदलाबदल करावयाची राहून गेली, तेव्हा कागदोपत्री का होईना, अर्ध्या चाळीचे भाडे दुसऱ्याच्या नावे चढले होते. टाइपच्या नोंदी असत्या, तर 'स्वॅप'ने अख्खी ओळच एका दमात हलली असती.

नाव शोधताना फेरा सगळी वही चाळूनही रिकाम्या हाताने परततो, तेव्हा दोष फेऱ्याला देतात. खरे असे की, रोमन पाच अक्षरांत लिहिलेल्या जोशींच्या मागे क्यूबेसिक पंधरा मोकळ्या जागा भरून वीसचा आकडा पुरा करते, आणि नुसत्या पाच अक्षरांशी ते नाव जुळत नाही. 'आरट्रिम'ने शेपूट कापावे लागते. ज्या ओळीत अद्याप काहीच भरलेले नाही तेथे तर मोकळ्या जागाही नसतात, शून्य संकेताची अदृश्य अक्षरे असतात, आणि त्यांना आरट्रिम हात लावीत नाही.

राहता राहिला 'फॉर ईच'. तो क्यूबेसिकमध्ये नाहीच. नंतरच्या व्हिज्युअल बेसिक डॉटनेटमध्ये तो टाइपच्या वारसाच्या, म्हणजे स्ट्रक्चरच्या, ॲरेवरून फिरतो खरा, परंतु प्रत्येक फेऱ्यात हाती येते ती नोंदीची नक्कल. तिच्यात भाडे वाढविले तर मेहताजींनी खिशातल्या चिठोऱ्यावर आकडा सुधारावा आणि वही काखेत तशीच मिटलेली राहावी, तसा प्रकार होतो; म्हणून भाडेवाढ करावयाची असेल तेथे मी अजूनही आय घेऊन, एक ते चोवीस मोजतच जातो.