सुरळीची दिशा आणि विजेची वाट : मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांचे कार्बन-संशोधन

मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जवळपास पन्नास वर्षे अध्यापन केले आणि त्याच काळात कार्बनच्या भौतिकशास्त्राला आकार दिला. १९३० साली न्यूयॉर्कमधील गरीब स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेत शिक्षिका व्हायचे म्हणून त्या हंटर कॉलेजात गेल्या. तेथे रोझलिन यालो यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे वळवले. याच यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. पुढे शिकागो विद्यापीठात एन्रिको फर्मी यांच्याकडे शिकण्याची संधी लाभली आणि १९५८ मध्ये अतिवाहकांवरील प्रबंधाला पीएच.डी. मिळाली.

१९६० मध्ये त्या एमआयटीच्याच लिंकन प्रयोगशाळेत रुजू झाल्या. तेव्हा बहुतेकांची धाव अर्धवाहकांकडे होती. घरात लहान मुले असताना त्या शर्यतीत उतरण्यापेक्षा त्यांनी ग्रॅफाइट निवडले, कारण त्याला फारसे कोणी हात लावत नव्हते. निवड व्यवहारी होती, पण फळली मात्र भरघोस. १९६७ मध्ये अभ्यागत प्राध्यापक म्हणून त्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना घनस्थिती भौतिकी शिकवू लागल्या; दुसऱ्याच वर्षी कायम प्राध्यापकपद मिळाले.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम नॅनोनळ्यांवरचे. ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा, एका अणूच्या जाडीचा, षटकोनी जाळीचा पापुद्रा. त्याची सुरळी केली की नॅनोनळी होते. तिचा व्यास जेमतेम १ नॅनोमीटर. सुरळी सरळ वळवायची की तिरकी, हे दोन पूर्णांकांनी सांगता येते. १९९२ मध्ये ड्रेसेलहाउस दांपत्य, रिइचिरो साइतो आणि मित्सुताका फुजिता यांनी गणित मांडले : या दोन अंकांतील फरकाला ३ने निःशेष भाग गेला तर नळी धातूसारखी, नाहीतर अर्धवाहक. म्हणजे (१०,१०) नळीतून वीज सहज वाहते, (१०,०) मधून नाही. अणू तेच, जाळी तीच. बदलते ती फक्त वळवण्याची दिशा. या हिशेबाने सुमारे एकतृतीयांश नळ्या धातूसारख्या निघतात. एकपदरी नळी प्रयोगशाळेत मिळाल्याचे १९९३ मध्ये जाहीर झाले आणि भाकिताची थेट पडताळणी १९९८ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने झाली. गणित प्रयोगाच्या आधी पोहोचल्याचे याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण.

१९९३ मध्ये विद्यार्थी लिंडन हिक्स यांच्यासह त्यांनी आणखी एक कल्पना मांडली : काही नॅनोमीटर जाडीच्या थरांत उष्णतेपासून वीज मिळवण्याची क्षमता वाढू शकते. थंडावलेल्या उष्माविद्युत संशोधनाला त्यामुळे नव्याने चालना मिळाली.

१९८५ मध्ये ‘इन्स्टिट्यूट प्रोफेसर’ हा एमआयटीचा सर्वोच्च अध्यापकीय सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०१२ चा नॅनोविज्ञानाचा काव्हली पुरस्कार त्यांना एकट्यांना मिळाला. साठाहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे संशोधन सुरूच होते.