रक्ताची परतवाट

अन्नरसाचें यकृतांत रक्त बनतें, तें शिरांवाटें सर्वांगांत जातें व तेथेंच जिरतें, असें युरोपांतील वैद्य गेलेनच्या काळापासून सुमारें चौदाशें वर्षें मानीत आले. १६२८ सालीं विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें या समजुतीस धक्का दिला, तो साध्या हिशेबानें. दर ठोक्यास हृदयांतून थोडेंच रक्त बाहेर पडतें असें धरलें, तरी अर्ध्या तासाची बेरीज सबंध शरीरांतील रक्ताहून अधिक भरते. एवढें रक्त नित्य नवें बनावयाचें, तर माणसानें खावें तरी किती? तेव्हां तेंच रक्त फिरून येत असलें पाहिजे. आजचे आंकडेहि बोलके आहेत: ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर, मिनिटास सुमारें ७० ठोके, म्हणजे जवळजवळ ५ लिटर, आणि प्रौढ देहांतील एकूण रक्तहि साधारण तेवढेंच!

परतीची वाट कोणती? शिरांतील झडपा हार्वेच्या पादुआ येथील गुरूनें, फाब्रिसियसनें, दाखविल्या होत्या. त्यांचें खरें प्रयोजन मात्र त्यास उमगलें नाहीं. दंडास पट्टी बांधावी आणि हातावर फुगलेल्या शिरेंतील रक्त बोटानें मनगटाकडे रेटावें. तें झडपेशीं अडतें. हृदयाकडे मात्र तें सुखानें जातें. तेथें उजव्या बाजूनें फुप्फुसांत, फुप्फुसांतून डाव्या बाजूस आणि मग रोहिण्यांवाटें पुन्हां सर्वांगांत, अशी ही फेरी आहे.

नव्या मताची किंमत हार्वेला मोजावी लागली. ग्रंथ निघाल्यावर त्याचे रोगी घटले, असें त्याचा परिचित ऑब्री लिहितो. शिवाय रोहिणींतून शिरेंत रक्त कसें उतरतें, हें त्याला अखेरपर्यंत दिसलें नाहीं. तो १६५७ सालीं वारला. १६६१ सालीं मालपिगीनें सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाच्या फुप्फुसांतील केशवाहिन्या पाहिल्या.